मोठ्या द्विनेत्रीला फाइंडर आणि लेसर कसा बसवावा : सोलापूरच्या नवोदित आकाशनिरीक्षकांसाठी

सत्तर-ऐंशी मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री दुर्बीण पहिल्यांदा ट्रायपॉडवर चढवणाऱ्या बहुतेकांची पहिली रात्र शोधाशोधीतच जाते. नुसत्या डोळ्यांनी तारा स्वच्छ दिसत असतो, दुर्बीण त्याच दिशेला रोखली आहे असे वाटत असते, पण नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) मात्र अनोळखी ताऱ्यांची गर्दी दिसते आणि आपण नेमके कुठे पाहत आहोत हे कळत नाही. माझी २० × ८० ची (वीसपट मोठे दाखवणारी, ऐंशी मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण घरी आली तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ शोधण्यात माझा पाऊण तास गेला होता. मान अवघडली, ट्रायपॉडची मूठ दहा वेळा सैल करून दहा वेळा आवळली, आणि शेवटी गुच्छ सापडला तो योगायोगाने. पुढच्या महिन्यात एक छोटा रेड डॉट फाइंडर, म्हणजे लाल ठिपक्याने नेम धरायचे साधन, बसवल्यावर हेच काम अर्ध्या मिनिटात होऊ लागले. म्हणून मोठी द्विनेत्री घेणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगतो की जास्तीच्या कोणत्याही सामानाआधी फाइंडर बसवावा, आणि तो स्वतः नीट समजून घेऊन बसवावा.

अडचण नेमकी कशामुळे येते

१० × ५० ची दुर्बीण हातात धरून वापरताना आपण ताऱ्याकडे पाहत पाहतच ती डोळ्यांसमोर आणतो, आणि तिचे दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, साडेसहा अंशांच्या आसपास असल्यामुळे थोडीफार चूक झाली तरी तारा आत सापडतो. १५ × ७० मध्ये हे क्षेत्र साधारण साडेचार अंशांवर येते, २० × ८० मध्ये तीन ते साडेतीन अंशांवर, आणि २५ × १०० मध्ये अडीच ते तीन अंशांवर. व्यास निम्मा झाला की आकाशाचा दिसणारा तुकडा चौथाई होतो, हे ध्यानात घेतले तर अडचण का वाढते ते कळेल. शिवाय दोन ते साडेचार किलो वजनाची दुर्बीण ट्रायपॉडवर असल्यामुळे तिला डोळ्यांपाशी आणता येत नाही, डोळेच तिच्यापाशी न्यावे लागतात. दोन नळ्यांच्या मधल्या फटीतून नेम धरण्याची जुनी युक्ती क्षितिजाजवळच्या ताऱ्यांसाठी चालते, पण दुर्बीण पन्नास-साठ अंश वर गेली की त्या फटीच्या मागे डोके नेणेच शक्य होत नाही.

सोलापूरकरांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. आपले शहर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे ज्या ताऱ्यांची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे अंतर) उत्तर सतरा-अठरा अंशांच्या जवळपास आहे ते आपल्या बरोबर डोक्यावरून जातात. रोहिणी, कृत्तिका आणि पुष्य हे द्विनेत्रीतून पाहण्याजोगे सगळ्यात सुंदर भाग याच पट्ट्यात येतात. पुष्यातला तारकागुच्छ मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम दोन अंशांवर असतो आणि कृत्तिका साधारण साडेसहा अंशांवर. सरळ नेत्रिका असलेली दुर्बीण अशा वेळी वापरता येत नाही. तिचा मागचा भाग ट्रायपॉडच्या मधल्या दांड्यावर आदळतो आणि आपल्याला जवळजवळ जमिनीवर बसून वर पाहावे लागते. यावर सोपा उपाय असा की ते नक्षत्र डोक्यावर येण्याच्या दोन तास आधी किंवा दोन तासांनंतर पाहावे. तेवढ्या वेळात ते खस्वस्तिकापासून सुमारे तीस अंश दूर असते आणि मान व दुर्बीण दोन्हींना सोसते. पाऊण तासाच्या माझ्या त्या धडपडीत मी हेच विसरलो होतो.

कोणता फाइंडर घ्यावा

दुर्बिणीवर बसवण्याजोगी साधने मुख्यतः तीन प्रकारची मिळतात. पहिला प्रकार म्हणजे साधा रेड डॉट फाइंडर. त्यात एका लहानशा लाल दिव्याचा प्रकाश तिरप्या, वक्र काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात येतो, आणि त्यामुळे आकाशावर एक लाल ठिपका तरंगत असल्याचा भास होतो. त्या काचेच्या वक्रतेमुळे ठिपका अनंत अंतरावर असल्यासारखा दिसतो, म्हणून डोके किंचित हलले तरी तो ज्या ताऱ्यावर आहे त्याच ताऱ्यावर राहतो. यात कोणतेही वर्धन नसते, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहायचे असते, आणि बहुतेक मॉडेलांना सीआर २०३२ हा बटणासारखा सेल लागतो, जो घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. वजन इतके कमी असते की दुर्बिणीच्या तोलावर काही परिणाम होत नाही.

दुसरा प्रकार वर्तुळे दाखवणाऱ्या फाइंडरांचा आहे. टेलरॅडमध्ये अर्धा, दोन आणि चार अंश व्यासाची तीन लाल वर्तुळे दिसतात. नकाशावर तीच वर्तुळे कल्पून ताऱ्यांची जुळणी करता येते, आणि १५ × ७० वापरणाऱ्यांना तर मोठे वर्तुळ म्हणजे जवळजवळ आपले दृष्टिक्षेत्रच असते. परंतु टेलरॅडचा पाया लांबट आहे आणि तो दुर्बिणीच्या मधल्या अरुंद जागेत बसवणे जिकिरीचे होते. त्यापेक्षा उभा आणि हलका असलेला रायजेल क्विकफाइंडर बसवायला सोपा जातो. त्यात अर्ध्या आणि दोन अंशांची वर्तुळे असतात.

तिसरा प्रकार हिरव्या लेसरचा. त्याचे मोह आणि धोके दोन्ही मोठे असल्याने त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की सरळ नेत्रिकेच्या दुर्बिणीसाठी नवशिक्याने साधा रेड डॉटच घ्यावा. नेत्रिका ४५ किंवा ९० अंशांत वळवलेल्या दुर्बिणीची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपण खाली पाहत असतो आणि दुर्बीण वर रोखलेली असते, त्यामुळे रेड डॉटमधून पाहायला प्रत्येक वेळी वाकून नळीच्या मागे डोके न्यावे लागते. अशा दुर्बिणीला काटकोनी फाइंडर (ज्याची नेत्रिकाही काटकोनात वळलेली असते) लावणे बरे पडते.

पाया : सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा

फाइंडर कितीही चांगला असला तरी तो दुर्बिणीशी एकजीव झालेला नसेल तर निरुपयोगी ठरतो. जागा निवडताना दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, दुर्बीण वर-खाली झाली तरी फाइंडर आणि नळ्या यांच्यातला कोन अजिबात बदलता कामा नये. दुसरी, नेत्रिकेवरून डोके फक्त काही सेंटिमीटर सरकवले की ठिपका दिसला पाहिजे, कारण उभे राहण्याची जागा बदलावी लागली तर फाइंडरचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

२० × ८० आणि २५ × १०० च्या बहुतेक दुर्बिणींना दोन्ही नळ्यांच्या मधून जाणारा एक जाड धातूचा दांडा असतो आणि त्यावर पुढे-मागे सरकणारा, ट्रायपॉडला जोडायचा खुंट असतो. फाइंडरसाठी हा दांडा उत्तम, कारण डोळ्यांमधल्या अंतरानुसार नळ्या जवळ-लांब केल्या तरी दांडा फिरत नाही. फाइंडर एखाद्या नळीवर बसवला तर नळी बिजागरीभोवती फिरताना तोही कलंडतो. नेम अगदी समांतर लावलेला असेल तर त्यात मोठा बिघाड होत नाही, पण घरातली दोन-तीन माणसे आळीपाळीने पाहत असतील आणि प्रत्येक जण नळ्यांचे अंतर बदलत असेल, तर नेमातली छोटी चूकही दर वेळी नव्या दिशेला वळते. फाइंडर ट्रायपॉडच्या डोक्यावर बसवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण जड दुर्बीण आपल्या खुंटावर थोडी झुकत असते आणि ते झुकणे ट्रायपॉडवरच्या फाइंडरला कळत नाही.

दांड्यावर पाया बसवण्याची माझी रीत अशी आहे. हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची ३ मिलिमीटर जाडीची आणि सुमारे २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी घ्यावी आणि तिचा दहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापून कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात. दांडा गोल असेल तर पट्टी आणि दांडा यांच्या मध्ये सागवानी लाकडाचा छोटा ठोकळा ठेवावा, ज्याची खालची बाजू दांड्याच्या गोलाईप्रमाणे खोदलेली असेल. या ठोकळ्याची उंची इतकी ठेवावी की फाइंडरची काच नळ्यांच्या माथ्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर वर येईल, नाहीतर मागचे प्रिझमचे फुगीर भाग ठिपका झाकून टाकतात. ठोकळ्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा आणि मग मोटारीच्या रबरी पाइपला लावतात तशा दोन होज क्लिपांनी सगळे मिळून दांड्याला आवळावे. एकच क्लिप लावली तर पट्टी तिच्याभोवती गोल फिरते, दोन लावल्या की ती जागची हलत नाही. फाइंडरबरोबर येणारा खाचेचा पाया या पट्टीवर दोन बोल्टांनी बसवावा आणि प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर घालावा.

हे सगळे स्वतः करणे जमत नसेल तर आपल्या शहरात त्याची उणीव नाही. यंत्रमागांचे सुटे भाग बनवणारे आणि दुरुस्त करणारे लेथवाले आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत, आणि कागदावर मापे लिहून नेली तर अशी पट्टी त्यांच्यासाठी किरकोळ काम असते. त्यांना सांगताना एक बारकावा सांगावा. कॅमेऱ्याच्या आणि ट्रायपॉडच्या स्क्रूला पाव इंच व्यास आणि इंचाला २० आटे असतात, आणि आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळणाऱ्या पाव इंची विटवर्थ बोल्टलाही इंचाला २० च आटे असतात. आट्यांच्या कोनात थोडा फरक असला तरी एवढ्या हलक्या वजनासाठी दोन्ही एकमेकांत बसतात, त्यामुळे खास कॅमेऱ्याचा बोल्ट शोधत बसण्याची गरज नाही.

दुर्बिणीच्या अंगाला मात्र कधीही ड्रिल लावू नये. आत प्रिझम अतिशय नाजूक जुळणीने बसवलेले असतात, आणि एका छिद्रासाठी दोन नळ्यांची समांतरता बिघडली तर एका ताऱ्याचे दोन तारे दिसू लागतात. त्याच कारणाने नळीवर क्लिप आवळताना हात आवरता ठेवावा. मधला दांडा नसलेल्या १५ × ७० सारख्या दुर्बिणींना नळीच्या रबरी आवरणावर रुंद वेल्क्रो पट्टा गुंडाळून हलका रेड डॉट बसवता येतो. तो दर वेळी काढघाल करताना थोडा सरकतो, म्हणून त्याच्या जागेची खूण पांढऱ्या रंगाने करून ठेवावी आणि प्रत्येक रात्री नेम एकदा तपासावा.

नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर भिस्त ठेवणाऱ्यांना मी माझा अनुभव सांगतो. माझा पहिला फाइंडर मी फोमच्या चिकटपट्टीनेच बसवला होता आणि हिवाळाभर तो छान चालला. मे महिन्यात एका दुपारी दुर्बीण गाडीच्या डिकीत राहिली. बाहेर पारा चाळीसच्या वर आणि बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त. संध्याकाळी झाकण उघडले तेव्हा पट्टीचा डिंक मऊ होऊन फाइंडर एका बाजूला ओघळला होता, आणि उचलताना तो सुटून फरशीवर पडला व त्याची काच तडकली. सोलापूरच्या उन्हाळ्यात चिकटपट्टी फक्त सरकू नये म्हणून वापरावी, भार नेहमी क्लिपेवर किंवा बोल्टवर असावा.

नेम जुळवणे

नेम जुळवण्याचे पहिले काम दिवसाउजेडी करावे, पण त्याआधी एक इशारा नीट वाचावा. सूर्य आकाशात असताना दुर्बीण त्याच्या आसपासही नेऊ नये, कारण ऐंशी मिलिमीटरच्या दोन भिंगांतून सूर्याचे ओझरते दर्शनही दोन्ही डोळे कायमचे निकामी करू शकते. म्हणून हे काम संध्याकाळी, सूर्य पश्चिमेला पाठीमागे ठेवून आणि दुर्बीण पूर्वेला वळवून करावे, आणि मुले जवळ असतील तर दुर्बीण सोडून जाऊ नये.

लक्ष्य म्हणून किमान एक किलोमीटर दूर असलेला मोबाइल टॉवर किंवा उंच पाण्याच्या टाकीचा कठडा निवडावा. अंतराचा आग्रह अशासाठी की फाइंडर आणि नळी यांच्यात सुमारे दहा सेंटिमीटरचे अंतर असते. दहा मीटरवरच्या भिंतीवर नेम जुळवला तर या दहा सेंटिमीटरांमुळे अर्ध्या अंशाहून जास्त चूक होते, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढी. एक किलोमीटरवर तीच चूक अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होते आणि तिची चिंता करावी लागत नाही.

प्रथम दुर्बिणीच्या एका भिंगावर झाकण लावावे आणि एकाच नळीतून पाहावे, म्हणजे दोन प्रतिमांच्या किंचित फरकाने गोंधळ होत नाही. टॉवरचे टोक दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणून ट्रायपॉडच्या मुठी आवळाव्यात, आणि आवळल्यानंतर पुन्हा पाहावे, कारण जड दुर्बीण मूठ सोडताच थोडी खाली बसते. ती किती खाली बसते याचा अंदाज घेऊन आधीच तेवढी वर रोखण्याची सवय पुढे आपोआप लागते. आता दुर्बिणीला हात न लावता फाइंडरमधून पाहावे. ठिपका टॉवरपासून बराच दूर असेल. फाइंडरला दोन स्क्रू असतात, एक ठिपका डावी-उजवीकडे नेतो आणि दुसरा वर-खाली. दोन्ही पाव-पाव फेऱ्यांनी फिरवत ठिपका टॉवरच्या टोकावर आणावा. स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही ठिपका पोचत नसेल तर जोर करू नये. पायाच तिरपा बसला आहे असे समजून होज क्लिप सैल करावी, पट्टी सरळ करावी आणि पुन्हा सुरुवात करावी. काम करताना खाली जुनी सोलापुरी चादर अंथरलेली असली म्हणजे हातातून निसटलेला बारीक वॉशर जाळीत किंवा पन्हळीत जात नाही.

रात्रीची बारीक जुळणी ध्रुवाच्या ताऱ्यावर करावी, आणि या बाबतीत आपले अक्षांश आपल्याला फार अनुकूल आहेत. इतर तारे तासाला पंधरा अंश सरकतात. साडेतीन अंशांच्या दृष्टिक्षेत्रात मध्यावर ठेवलेला चित्रेसारखा तारा सातेक मिनिटांत कडेला जातो, आणि नवशिक्या माणूस स्क्रू फिरवत असेपर्यंत लक्ष्यच हललेले असते. ध्रुव मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. शिवाय तो सोलापुरातून क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशांवरच दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून थोडा कमी. त्यामुळे दुर्बीण जवळजवळ आडवी असते, मान ताठ राहते आणि स्क्रूकडे निवांत लक्ष देता येते.

मध्य अचूक कसा ओळखावा याचीही एक युक्ती आहे. एका नेत्रिकेचा फोकस मुद्दाम बिघडवावा, म्हणजे ताऱ्याचा ठिपका फुगून एक मोठी, फिकी चकती होते. ही चकती दृष्टिक्षेत्राच्या काळ्या वर्तुळाकार कडेपासून चारही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे की नाही हे डोळ्याला सहज कळते. चकती मध्यावर आली की फाइंडरचा ठिपका ध्रुवावर आणावा आणि मग फोकस पूर्ववत करावा.

यानंतर एक परीक्षा घ्यावी, जी बरेच जण विसरतात. दुर्बीण साठ अंश उंचीवरच्या एखाद्या ठळक ताऱ्याकडे न्यावी, ठिपका त्यावर ठेवावा आणि नेत्रिकेतून पाहावे. तारा मध्यावर किंवा मध्याच्या आसपास असेल तर पाया पक्का आहे. तो एका अंशाहून जास्त सरकलेला असेल, तर स्क्रूला हात लावू नये. दुर्बीण कलल्यावर पट्टी किंवा ठोकळा वाकतो आहे, आणि दोष क्लिपांमध्ये शोधायचा आहे.

ठिपक्याच्या तेजाबद्दलही काळजी घ्यावी. अनेक स्वस्त फाइंडर सगळ्यात कमी तेजावरही इतके प्रखर असतात की अंधुक तारा ठिपक्यामागे दिसेनासा होतो. दिव्याच्या तोंडाशी फोटोच्या जुन्या निगेटिव्हचा गडद तुकडा लावला की ठिपका सौम्य होतो.

एक उदाहरण : चित्रेवरून खाली

फाइंडर जुळल्यावर पहिले लक्ष्य म्हणून मी नवोदितांना नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ सुचवतो. महाराष्ट्राच्या उत्तर भागापेक्षा तो आपल्याला जास्त उंच दिसतो आणि तो शोधण्याची वाट अतिशय सरळ आहे. चित्रा तारा आणि हा गुच्छ यांचे विषुवांश (आकाशातले पूर्व-पश्चिम स्थान) जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे चित्रा बरोबर दक्षिणेला मध्यमंडलावर आली की गुच्छ तिच्या ठीक खाली, सुमारे ३६ अंशांवर असतो. मे महिन्याच्या मध्यात ही वेळ रात्री सव्वादहाच्या सुमारास येते, एप्रिलच्या अखेरीस सव्वाअकराच्या सुमारास. तेव्हा चित्रा ६१ अंशांवर असते आणि गुच्छ क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर.

ठिपका चित्रेवर ठेवावा, ट्रायपॉडची आडवी हालचाल घट्ट बंद करावी आणि फक्त उभी मूठ सैल करून दुर्बीण हळूहळू खाली आणावी. ट्रायपॉडचे डोके पातळीत असेल तर दुर्बीण थेट गुच्छावर उतरते, म्हणून त्याआधी पातळीचा बुडबुडा पाहून घ्यावा. हाताच्या साडेतीन मुठी खाली आल्यावर फाइंडरमधून पाहिले तर त्या जागी नुसत्या डोळ्यांना एक अस्पष्ट तारा असल्यासारखे वाटते. ठिपका त्यावर नेऊन नेत्रिकेला डोळे लावले की तो तारा नसून एक मोठा, गोल, दाणेदार धुक्याचा गोळा आहे हे दिसते, मध्याशी दाट आणि कडेला विरत गेलेला.

या लक्ष्यासाठी जागाही विचारपूर्वक निवडावी. गुच्छ दक्षिणेला खाली असतो, म्हणून शहराचा उजेड आपल्या उत्तरेला राहील अशी विजापूर रस्त्यावरच्या मंद्रूपच्या बाजूची, ओळखीच्या शेतातली जागा चांगली. बार्शी रस्त्याने उत्तरेला गेलात तर शहराचा सगळा उजेड नेमका याच भागावर येतो.

लेसर : कधी, कसा आणि किती

हिरवा लेसर आकाशात एक लांब रेघ ओढतो आणि ती ताऱ्यापाशी जाऊन टेकल्यासारखी दिसते. पाच-दहा माणसांना एकाच वेळी तारा दाखवायचा असेल तर याला तोड नाही. लाल लेसर यासाठी चालत नाही. हवेतून प्रकाश विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबी कमी होईल तसे झपाट्याने वाढते, त्यामुळे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा दुपटीहून जास्त विखुरतो, आणि आपला डोळाही हिरव्याला कितीतरी अधिक संवेदनशील असतो.

परंतु हे खेळणे नाही. ५ मिलिवॅटहून अधिक शक्तीचा लेसर या कामाला घेऊ नये, आणि स्वस्त लेसरवर छापलेल्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. त्यातले अनेक प्रत्यक्षात जास्त शक्तीचे निघतात. शिवाय या लेसरमध्ये आधी अदृश्य अवरक्त किरण तयार होतात आणि त्यांच्यापासून हिरवा प्रकाश बनतो. ज्यात अवरक्त अडवणारी गाळणी नसते, त्यातून डोळ्यांना न दिसणारा पण इजा करणारा किरणही बाहेर येतो. गाडीची काच, सौर पॅनेल किंवा स्टीलची टाकी यांवरून परतलेला किरणही घातक ठरू शकतो.

सर्वांत गंभीर गोष्ट विमानांची आहे. जमिनीवर पेन्सिलएवढा दिसणारा झोत काही किलोमीटर वर जाईपर्यंत पसरतो आणि कॉकपिटच्या काचेवर पडला की वैमानिकाच्या डोळ्यांसमोर काही क्षण फक्त हिरवा उजेड उरतो. देशात अनेक ठिकाणी पोलिसांनी विमानतळांच्या परिसरात लेसर रोखण्यावर मनाईचे आदेश काढलेले आहेत. आपला विमानतळ होटगी रस्त्याला, वस्तीला लागूनच आहे, म्हणून शहरातल्या कोणत्याही गच्चीवरून लेसर वापरू नये असे माझे ठाम मत आहे. शहराबाहेरही आधी सगळे आकाश डोळ्यांनी फिरून पाहावे आणि कुठेही लुकलुकणारा दिवा सरकताना दिसला तर तो नजरेआड होईपर्यंत बटण दाबू नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासच्या माळावर तर लेसर काढूच नये. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या माळावर रात्री असा झोत फिरवणे योग्य नाही.

इतके पाळून लेसर बसवायचाच असेल तर जुन्या फाइंडर दुर्बिणीला असते तसे पुढे तीन आणि मागे तीन स्क्रूंचे कडे घ्यावे, ते त्याच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावे आणि स्क्रूंच्या टोकांना रबराचे तुकडे लावावेत. लेसरचे तोंड दुर्बिणीच्या भिंगांच्या पुढे किंवा बरेच वर असावे, म्हणजे झोत नळीच्या कडेला घासत नाही. याचा नेम दिवसा टॉवरवर किंवा इमारतीवर मुळीच जुळवू नये, कारण तिथे माणसे असतात. रात्री ठळक तारा नेत्रिकेच्या मध्यावर आणावा, बटण दोन-तीन सेकंद दाबावे आणि नेत्रिकेतच पाहावे. हिरवी रेघ एका बाजूने आत येऊन निमुळती होत एका बिंदूशी संपते, तो बिंदू ताऱ्यावर येईपर्यंत स्क्रू थोडे थोडे फिरवावेत.

बटण दाबून ठेवण्यासाठी चिमटा किंवा केबल टाय लावण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. बोट उचलताच लेसर बंद होणे हीच त्याची सर्वांत मोठी सुरक्षा आहे. शेजारी कोणी आकाशाचे छायाचित्रण करत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय लेसर लावू नये, एका रेघेने त्यांची अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. आणि मुलांच्या हाती तो द्यायचा नाही, मुले कितीही समजूतदार असली तरी.

आवरताना

निरीक्षण संपले की आधी लेसरचे सेल काढून वेगळ्या डबीत ठेवावेत आणि मग फाइंडरचे बटण बंद करावे. रेड डॉटचा दिवा इतका बारीक असतो की घरातल्या उजेडात तो चालू असल्याचे कळत नाही, आणि पुढच्या अमावास्येला सेल संपलेला निघतो. म्हणून मी एक जादा सेल दुर्बिणीच्या पेटीच्या झाकणाला आतून कापडी खिसा शिवून त्यात ठेवतो. पेटीत ठेवताना फाइंडर खाचेतून काढून वेगळा गुंडाळावा, त्याच्या पायावर आणि खाचेवर एक आडवी रेघ कोरून ठेवावी, आणि पुढच्या वेळी दोन्ही रेघा जुळवूनच तो बसवावा. माझी पेटी आता मे महिन्यात गाडीत राहत नाही. शेतावरून परत आलो की रात्री कितीही वाजले असोत, ती घरात, पलंगाखालच्या थंड फरशीवर जाते.